धाकटीचा चेंडू

झुआंगांच्या घरी चहाच्या तबकात प्याले तीनच. माणसं चार असोत नाहीतर सात, प्याले तीनच, बोराएवढे, आणि ते कुणापुढे सरकतात यावरून त्या दिवशी घरात कुणाला किती भाव आहे ते कळायचं. दक्षिण चीनमधल्या या छेंगहाय गावात सगळ्यांच्याच घरी असं असतं. ज्याला मिळत नाही तो "घ्या घ्या, आधी तुम्ही" म्हणतो आणि पुढच्या खेपेची वाट बघतो. थोरली सून बीयुन हिने हे कधी मनाला लावून घेतलं नव्हतं, कारण तिला वाट बघावी लागलीच नव्हती. पहिला प्याला सासऱ्यांचा, दुसरा तिच्या नवऱ्याचा म्हणजे हानवेनचा आणि तिसरा तिचा, हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठरलेलं होतं.

मग धाकट्या दिराचं, हानशेंगचं लग्न झालं.

धाकटी सून श्याओमान हुनानची. लांबून आलेली, पेजेवरसुद्धा मिरची घालून खाणारी, ग्वांगझौच्या कॉलेजात वस्तूंना आकार द्यायला शिकलेली. इथली बोली तिला येत नव्हती. तरी पहिल्या दिवसापासून ती सासऱ्यांशी त्याच बोलीत तोडकंमोडकं बोलायची आणि म्हातारा इतका खूश व्हायचा की शेजारपाजारच्यांना बोलावून तिच्याकडून चार वाक्यं म्हणून घ्यायचा. बीयुन जन्मल्यापासून तीच बोली न चुकता बोलत होती. तिला त्याबद्दल आजवर कुणी शाबास म्हटलेलं नव्हतं.

तिसरा प्याला कधी धाकटीपुढे सरकायला लागला ते बीयुनला नेमकं सांगता आलं नसतं. एके दिवशी तो सरकला, श्याओमान म्हणाली, "वहिनी, तुम्ही घ्या ना," आणि बीयुन म्हणाली, "घे गं, मला काय त्याचं." एवढं म्हणून ती उठली आणि कारण नसताना ओटा पुसायला लागली. मला काय त्याचं असं म्हणणाऱ्या बाईला त्याचंच सगळं असतं, हे काय कुणी वेगळं सांगायला हवं.

नवीन वर्षाचा सण आटोपला, कारखाने उघडले, खालच्या मजल्यावर हानवेनची साच्याची यंत्रं धडधडायला लागली. सासरे झुआंग छूज्यांग यांनी सगळ्यांना चहाला बसवलं.

"यंदा नवा साचा एकच उघडायचा, एकाच खेळण्याचा," ते म्हणाले. "गू साहेब माल बघायला महिनाअखेरीस येतील. दोघी एकेक चेंडू करा. उजेडाचा, उसळणारा. चेंडू कधी जुना होत नाही. साहेब ज्याच्यावर बोट ठेवतील त्याचा साचा. आणि जिचा साचा, तिने पुढे नमुना-खोली सांभाळायची. माझे डोळे आता बारीक कामाला चालत नाहीत."

तबकाची कड पुसणाऱ्या बीयुनच्या हातातलं फडकं तिथल्या तिथे थांबलं. नमुना-खोली म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची ती लांबोडकी खोली. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर घराण्याची आजवरची खेळणी: दिव्यांच्या शिट्ट्या, चमकणारे भोवरे, बोलणारी कोंबडी. त्या खोलीत जे ठरेल ते खाली यंत्रावर चढतं आणि मग पेट्यांत भरून जगभर जातं. दिव्यांची शिट्टी बीयुनची होती. कोंबडीचा आवाज तिने बसवला होता. सासऱ्यांनंतर ती खोली आपली हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण सूर्य पूर्वेला उगवतो हेही कुणी बोलून दाखवत नाही. आणि आता ती खोली पणाला लागली होती, काल आलेल्या पोरीबरोबरच्या पैजेत.

"सर्किट दोघींचंही थोरलीच करेल," सासरे पुढे म्हणाले. "तिच्यासारखा हात कुणाचा आहे?"

हे कौतुक होतं. बीयुनला ते कानाखाली मारल्यासारखं लागलं.

तिने स्वतःसाठी गाणारा चेंडू काढला. आपटला की गाणं, पुन्हा आपटला की दुसरं गाणं, बरोबर लाल-हिरवे दिवे. बाजारात चालणारी सगळी गाणी तिला पाठ होती आणि चिपमध्ये किती मावतील याचा हिशोबही. धाकटीने कागदावर नुसता एक गोल काढून आणला.

"गाणं नको, वहिनी. माझा गप्प चेंडू. उंच उसळला तर निळा, कमी उसळला तर लाल, मधे हिरवा. पण उंची मोजायची कशी? आत काहीतरी महागडं घालावं लागेल ना?"

बीयुन सोल्डर करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "काही महागडं नको. स्प्रिंग पुरते."

"ती कशी?"

इथे बीयुनने गप्प बसायला हवं होतं. पण काम येणाऱ्या माणसाची जीभ कामाच्या बाबतीत ताब्यात राहत नाही. "आत एक बारीक स्प्रिंग असते, मधे तार. धक्का बसला की स्प्रिंग तारेला टेकते, चिपला कळतं की चेंडू आपटला. आता दोन धक्क्यांमधला वेळ मोजायचा. जितका वेळ हवेत, तितका उंच उडाला. झालं."

श्याओमान तिच्याकडे बघतच राहिली. "वहिनी, हे किती साधं आहे. मला जन्मात सुचलं नसतं."

"दहावीत शिकवतात," बीयुन म्हणाली. आणि धाकटी गेल्यावर तिचं डोकं फिरलं. इतकी देखणी युक्ती आपल्या डोक्यात होती आणि आपण ती बोलणाऱ्या कोंबडीपासून आजवर कशातच वापरली नाही. ती बाहेर पडली ती नेमकी हिच्यासाठी.

तिने ते सर्किट वाईट करायचं ठरवलं आणि करू शकली नाही. हात वाईट काम करायला तयार होईनात. पहिला नमुना तिने पारदर्शक रबराच्या दोन अर्ध्या गोळ्यांत बसवला आणि ते मिटवून टाकून बघितला. चेंडू फरशीवरून छातीपर्यंत आला आणि निळा झाला, गुडघ्यापर्यंत आला आणि हिरवा, मग घोट्यापाशी लाल, लाल, लाल, आणि शेवटी जमिनीवर शांत. काही आवाज नाही. तिने तो पुन्हा टाकला. मग पुन्हा. तिच्या शेजारी तिचा स्वतःचा चेंडू होता आणि तो मघापासून टेबल हललं की तेच गाणं सुरुवातीपासून म्हणत होता.

त्या दिवशी जेवताना हानवेनने पेजेत खारवलेली मोहरीची पानं कालवली आणि तोंडात घास असतानाच म्हणाला, "तो गप्प चेंडू बरा झालाय गं. तुझा जरा कानाला लागतो."

"तिचा नवरा तुझा भाऊ आहे," बीयुन म्हणाली. "तू माझा आहेस."

"मी आपलं चेंडूबद्दल बोललो."

"चेंडूबद्दलच बोल की. तिचा चेंडू बरा, तिची बोली गोड, तिची मिरचीसुद्धा आता तुला तिखट लागत नाही."

हानवेनने वाटी तोंडाला लावली आणि पेज संपवली. भांडण टाळायचा त्याचा तोच रस्ता होता. पण बीयुनची उरलीसुरली आशा तिथे तुटली. नवराच असं म्हणतो म्हटल्यावर गू साहेब काय म्हणणार हे तिला दिसायला लागलं. खोली गेलीच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. गल्लीच्या तोंडाशी लाओये या गावदेवाच्या देवळात ती नैवेद्य घेऊन गेली, संत्री, शिजवलेली कोंबडी, लाल रंगाचे तांदळाचे गोळे. सुनांचंच काम ते. उदबत्ती लावली आणि कौल लावायला बसली. माझा चेंडू लागू दे, असं मागायला तिने तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "तिचा पडू दे." लाकडाचे दोन अर्धचंद्र तिने फरशीवर टाकले. एक उपडा एक उताणा पडला, तर देव हो म्हणाला. दोन्ही उपडे, तर नाही. दोन्ही उताणे पडले. म्हणजे देव नुसता हसला. तिने पुन्हा टाकले, पुन्हा हसला. शेजारी बसलेली म्हातारी म्हणाली, "काय मागतेस गं, त्याला एवढं हसू येतंय?" बीयुनने चंद्र उचलून टोपलीत ठेवले आणि देवाचाच राग येऊन घरी आली.

देव करत नाही म्हटल्यावर तिने स्वतः केलं.

शेवटच्या नमुन्याच्या चिपमध्ये सूचना भरायच्या होत्या, आणि एखादा बिघडला तर जवळ असावा म्हणून दुसऱ्याच्याही. या चिपांची गंमत अशी की त्यात एकदा भरलं की भरलं, मग ते पुसता येत नाही, आणि वरून काळ्या लाखेचा ठिपका टाकला की आत काय आहे ते कुणाला बघताही येत नाही. बीयुनने निळा, हिरवा, लाल सगळं होतं तसंच ठेवलं. फक्त शेवटी चार ओळी वाढवल्या. चेंडू उसळता उसळता मधेच कधीतरी, कुठल्याही धक्क्याला, काही नेम न ठेवता, ठार विझेल. थोडा वेळ मेल्यासारखा पडून राहील आणि मग पुन्हा पेटेल. बघणाऱ्याला वाटेल सांधा सुटलाय, काम कच्चं आहे. गू साहेबांना दुसरं काही चालेल, कच्चं काम चालत नाही. दोन्ही चिपांवर तिने लाखेचे ठिपके टाकले, ते सुकेपर्यंत फुंकर घातली आणि सर्किटं घातलेल्या दोन्ही डब्या धाकटीच्या हातात दिल्या.

"झाल्या?" श्याओमानने दोन्ही हात पुढे करून घेतल्या. "वहिनी, तुम्ही नसतात तर माझा नुसता कागदावरचा गोल राहिला असता."

"जा, रबरात बसवून घे," बीयुन म्हणाली. तिला वाटलं होतं की आता तरी मनातली आग शांत होईल. तसं काही झालं नाही. उलट धाकटी इतक्या सरळपणे आभार मानते याचाच तिला जास्त राग आला. निदान खोटी असती तर बरं झालं असतं.

गू साहेब आले ते सकाळीच. ठेंगणे, टक्कल पडलेले, छेंगहायचेच, पण आता परदेशी दुकानांना माल देतात म्हणून साहेब. सासऱ्यांनी चहाची जुनी पानं टाकून नवी पानं घातली, पहिलं पाणी रीतीप्रमाणे ओतून टाकलं आणि तीन प्याले भरले. एक साहेबांपुढे, एक स्वतःपुढे, एक हानवेनपुढे. दोघी सुना बाजूला स्टुलांवर बसल्या होत्या, एक इकडे एक तिकडे.

बीयुनचा चेंडू आधी निघाला. साहेबांनी आपटला, त्याने गाणं धरलं. साहेबांनी पुन्हा आपटला, त्याने दुसरं गाणं धरलं. साहेबांनी तो मांडीवर ठेवला तरी तो गातच होता.

"आवाज चांगला लागलाय," गू साहेब म्हणाले. "काम तर तुमच्या थोरल्या सुनेचं नेहमीच पक्कं असतं. पण काय आहे, झुआंगदादा, हल्ली दुकानवाले गाणाऱ्या वस्तूंना वैतागलेत. दिवसभर कानाशी तेच. जातील, अगदीच जाणार नाहीत असं नाही."

अगदीच जाणार नाहीत असं नाही, म्हणजे नाही. बीयुनने खाली बघितलं. तिला त्याचं फार दुःख झालं नाही. तिचे डोळे धाकटीच्या हातातल्या चेंडूवर होते.

श्याओमानने चेंडू फरशीवर टाकला. निळा, हिरवा. गू साहेबांनी हात पुढे करून वरच्यावर झेलला, पुन्हा आपटला. निळा. "हं," ते म्हणाले. पुन्हा आपटला. "हे बरं आहे. उंचीवर रंग." सासरे पुढे झुकले. चेंडू उसळून साहेबांच्या हातात आला आणि विझला.

साहेबांनी तो हलवला. काही नाही. टकटक केलं, काही नाही. कानाशी नेला. हानवेनची मान खाली गेली, कारण रबर त्याने ओतलं होतं आणि दोष कुणाचा निघेल कोण जाणे. बीयुनच्या अंगातून सणानंतर पहिल्यांदाच काहीतरी गार, सुखाचं उतरत गेलं. पड आता, ती मनात म्हणाली.

श्याओमान स्टुलावरून उठली, तबकापाशी गेली आणि तिने गू साहेबांच्या समोरचा भरलेला प्याला उचलून घेतला.

पाहुण्यापुढचा प्याला. या गल्लीत जन्मलेल्या बाईचा हात तसं करायच्या आधी झडून पडला असता. सासऱ्यांचं तोंड उघडं राहिलं.

"तुमच्या हातात विझला, साहेब," धाकटी तिच्या त्या तोडक्यामोडक्या बोलीत म्हणाली. "तुमचा चहा गेला." आणि तो प्याला तिने पिऊन टाकला.

क्षणभर काय होणार ते कुणालाच कळेना. गू साहेब तिच्याकडे बघत राहिले, मग हातातल्या मेलेल्या चेंडूकडे, आणि तेवढ्यात चेंडू पुन्हा पेटला. साहेबांनी चटका बसल्यासारखा तो सासऱ्यांकडे आपटून फेकला. म्हाताऱ्याने झेलला, आपला प्याला डाव्या हाताने झाकला आणि चेंडू हानवेनकडे फेकला. हानवेनने साहेबांकडे. साहेबांनी पुन्हा म्हाताऱ्याकडे. आता कुणी रंगाकडे बघत नव्हतं. सगळे श्वास धरून होते. चेंडू हानवेनच्या हातात विझला आणि दोघे म्हातारे एकदम त्याच्या प्याल्यावर तुटून पडले, चहा तबकात सांडला.

"उचल, उचल त्याचा," गू साहेब हसून हसून लाल झाले होते. "झुआंगदादा, तुम्ही प्याला झाकून खेळता, ही लबाडी आहे."

"घर माझं, प्याले माझे," सासरे म्हणाले. "पुन्हा. प्याले भरा."

प्याले कितीदा भरले आणि कितीदा गेले कुणास ठाऊक. शेवटी गू साहेब घाम पुसत खाली बसले. "मी दिवे विकतो, गाणी विकतो," ते म्हणाले. "खेळ कुणी आणूनच देत नाही हो. याचा साचा उघडा. आणि ते विझणं आहे तसंच ठेवा. हे सुचलं कुणाला?"

सगळ्यांनी श्याओमानकडे बघितलं. बीयुनला वाटलं, आता ती सांगणार. दोष वहिनींनी घातला होता, मी निभावून नेलं, एवढं एक वाक्य. तो तिचा हक्कच होता.

"मोठ्या वहिनींना," श्याओमान म्हणाली. "मी रंग सांगितले होते. विझणं माझ्या कागदावर नव्हतंच. चिप त्यांनीच भरलीय."

सासऱ्यांनी थोरल्या सुनेकडे बघितलं. अशा नजरेने त्यांनी तिच्याकडे दिव्यांच्या शिट्टीच्या वेळी बघितलं होतं, त्यानंतर नाही. "खरं?"

बीयुनला खोटं बोलावं लागलं नाही, हीच तर पंचाईत होती. "हो," ती म्हणाली. "मीच भरलं."

"चेंडू धाकटीचा, पण खेळ थोरलीचा," म्हातारा गू साहेबांना म्हणाला. "आणि आपण खेळ विकतो, चेंडू नाही." त्याने कमरेची नमुना-खोलीची किल्ली काढली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. श्याओमानने टाळ्या वाजवल्या. तिसरा प्याला बीयुनपुढे सरकला. तिने तो प्यायला आणि तिला चव लागली नाही.

साहेब गेल्यावर धाकटी मागच्या मोरीत प्याले विसळत होती. बीयुन तिच्यामागे जाऊन उभी राहिली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"डब्या दिल्यात त्याच दिवशी दुपारपासून," श्याओमान म्हणाली. ती वळली नाही. "आधी मला वाटलं सांधा सुटलाय. पण दुसराही तसाच. आणि विझल्यावर दोन्ही सारख्याच वेळाने परत पेटायचे. सुटलेला सांधा इतका शिस्तीचा नसतो."

बीयुनने विसळलेला एक प्याला उचलून पुसायला घेतला.

"मग मी रडले थोडी. मग रागाने भिंतीवर मारत बसले. हानशेंग आला, त्याला वाटलं मी खेळतेय, तोही खेळायला लागला. त्याच्या हातात विझला की मी हसायची, माझ्या हातात विझला की तो. बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आलं की माझ्या चेंडूत खेळ नव्हताच. नुसते रंग होते."

"तेव्हाच सांगायचं होतंस. मी दुरुस्त करून दिला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं."

नळ चालू होता. बीयुनने तो बंद केला. "आणि किल्ली? माझं नाव का घेतलंस?"

"विझणं तुम्हीच घातलंत. मग तुमचंच नाव येणार ना, वहिनी?" श्याओमानने प्याले पालथे घातले आणि आता कुठे तिच्याकडे बघितलं. "कशासाठी घातलंत ते मी विचारत नाही."

"तुझा पडावा म्हणून घातलं," बीयुन म्हणाली. तिला ते सांगून टाकावंसंच वाटलं. निदान एवढं तरी आपलं असावं.

"माहीत आहे," धाकटी म्हणाली आणि हात पुसून गेली.

दुसऱ्या दिवशी बीयुन नमुना-खोलीत सासऱ्यांच्या खुर्चीवर बसली. किल्ली टेबलावर, समोर कोऱ्या चिपा. साच्याबरोबर जाणारा पक्का नमुना भरायचा होता. काम साधं होतं, त्याच चार ओळी, आता दोष म्हणून नाही तर खेळ म्हणून. तिने त्या तशाच भरल्या आणि चेंडू भिंतीवर मारून बघितला. पहिल्याच उसळीला विझला. यात काय मजा? दुसरी चिप भरली, विझायला उशीर केला. आता तो विझेचना, हात दुखायला लागले. तिसरीत ठरलेल्या आकड्यावर ठेवला, तर चार खेळांत आकडा कळला आणि सगळीच मजा गेली. कधी विझवायचा म्हणजे माणूस हसेल? सर्किटातलं तिला येत नव्हतं असं काहीच नव्हतं. हे सर्किटात नव्हतं. काल ते आपोआप झालं होतं आणि ते झालंय हे ज्या एकाच माणसाने ओळखलं होतं, ते माणूस खाली अंगणात कपडे वाळत घालत होतं.

तिने आणखी चिपा वाया घालवल्या. मग उठून खिडकीपाशी गेली.

"श्याओमान, जरा वर ये."

श्याओमान ओल्या हातांनी आली आणि दारातच थांबली. बीयुनने काय अडलंय ते सांगितलं, शक्य तितक्या कोरड्या आवाजात. धाकटीने चेंडू हातात घेतला नाही, विचार करायला वेळही घेतला नाही.

"पहिल्या चार-पाच झेलांत कधीच विझवू नका, माणसाला आधी निर्धास्त होऊ द्या. मग केव्हाही. आणि विझायच्या आधी एकदा लुकलुकू दे, म्हणजे हातात असेल तो घाबरून फेकेल." ती जायला निघाली, पुन्हा वळली. "आणि वहिनी, मधून मधून खोटंच लुकलुकू दे."

"बघते," बीयुन म्हणाली. "तू जा."

तिच्यासमोर तिला करून बघायचं नव्हतं. तिने दार लावलं, चिप भरली, चेंडू मिटवला आणि खुर्चीत बसून भिंतीवर मारला. निळा परत आला, हिरवा परत आला. ती मारत राहिली, मोजायचं विसरली. एकदम चेंडू तिच्या तळव्यात लुकलुकला. बीयुनने तो घाईघाईने भिंतीवर भिरकावला, तर तो चांगला उजळलेलाच परत आला. खोटंच लुकलुकला होता. एकटीच्या खोलीत, आपल्या खुर्चीत, तिला खुदकन हसू आलं.

मग ते हसू कुणी सांगितल्यामुळे आलं ते तिच्या ध्यानात आलं, आणि चेंडू हातात घट्ट धरून ती तिथेच बसून राहिली.